पानावरचा घात

२ जून २०१३. त्या रविवारी रात्री अमेरिकेत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा नववा भाग दाखवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी जगभर एक गंमतशीर प्रकार सुरू झाला. ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेलं होतं, त्यांनी मालिका पाहणाऱ्या आपल्या नवऱ्याचे, बायकोचे, मित्रांचे चेहरे गुपचूप चित्रित करून ठेवले होते. पुढे काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं ना! कुणी किंचाळतंय, कुणी तोंडावर उशी धरून बसलंय, कुणी रडतंय.

मंडळी, ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथंच थांबावं. बाकीच्यांनी पुढे चलावं.

या प्रसंगाचं नाव ‘रेड वेडिंग’. आपण त्याला रक्तलग्न म्हणू. कथा थोडक्यात अशी. उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क आपल्या वडिलांच्या वधाचा सूड घ्यायला निघालेला आहे. नदी ओलांडण्यासाठी वॉल्डर फ्रे या म्हाताऱ्या सरदाराच्या पुलाची गरज पडते, तेव्हा तो फ्रेच्या मुलींपैकी एकीशी लग्न करण्याचं वचन देतो. नंतर प्रेमात पडून दुसरीशीच लग्न करून मोकळा होतो. अपमान गिळल्याचं दाखवून फ्रे म्हणतो, ठीक आहे, तू नाही तर तुझा मामा माझा जावई होऊ दे. लग्न ठरतं. रॉब आई, बायको आणि सरदारांसह फ्रेच्या गढीत येतो. यजमान पाहुण्यांना भाकरी आणि मीठ देतो. त्या जगात हे एकदा खाल्लं की यजमानानं पाहुण्याला आणि पाहुण्यानं यजमानाला हात लावायचा नाही, असा देवाधर्माचा नियम. जेवणं होतात, नवरानवरीला मिरवत नेतात, दार बंद होतं, वादक एक वेगळीच धून धरतात, आणि मग कत्तल.

तिसरं पर्व महत्त्वाचं म्हणतात ते यासाठी. त्याचे दहाच भाग, ३१ मार्च ते ९ जून २०१३. पण या एका प्रसंगानं गोष्ट ऐकण्याची आपली सवयच मोडली. नायक संकटात सापडला तरी शेवटी सुटतो, बापाचा सूड मुलगा घेतो, हे आपण लहानपणापासून गृहीत धरलेलं. इथं नायकही गेला आणि सूडही गेला.

मी ही मालिका २०२० च्या टाळेबंदीत नातवाबरोबर पाहिली. (सगळीच दृश्यं आजीनं नातवाबरोबर बघावीत अशी नव्हती, तेव्हा मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढत असे.) त्या भागानंतर तो म्हणाला, “आजी, हे खरं घडलंय म्हणे.” मूळ कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वतःच सांगितलं आहे की या प्रसंगामागे स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटना आहेत. एक १४४० ची, एक १६९२ ची. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला एवढं निमित्त पुरतं.

आधी पहिली घटना. १४४० साली स्कॉटलंडच्या गादीवर दुसरा जेम्स होता, वय वर्षं दहा. कारभार पाहणारे वेगळेच, त्यांतला मुख्य चॅन्सेलर सर विल्यम क्रायटन. राज्यात सर्वांत बलाढ्य घराणं डग्लसांचं. त्या घराण्याचा सहावा अर्ल विल्यम हाही एक कोवळा मुलगाच, सोळाएक वर्षांचा. क्रायटननं त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एडिंबरोच्या किल्ल्यात राजाबरोबर जेवायला बोलावलं. २४ नोव्हेंबर १४४० रोजी दोघं भाऊ आले. बालराजाला ही मोठी मुलं फार आवडली असं सांगतात. जेवणानंतर दोघांना पकडलं, राजद्रोहाचा नावापुरता खटला चालवला आणि शिरच्छेद केला. राजानं रडून गयावया केली, पण दहा वर्षांच्या राजाचं ऐकतो कोण? मेजवानीच्या शेवटी काळ्या बैलाचं मुंडकं ताटात आणून ठेवलं, तीच मृत्यूची खूण होती, ही गोष्ट मात्र नंतरच्या लेखकांनी जोडलेली आहे. इतिहासात ही मेजवानी ‘ब्लॅक डिनर’, काळं भोजन म्हणून ओळखली जाते.

यात माझं लक्ष त्या बालराजाकडे जातं. तो मोठा झाला. बारा वर्षांनी, फेब्रुवारी १४५२ मध्ये, त्यानं आठव्या डग्लस अर्लला स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावलं. हा अर्ल शहाणा. आपल्या घरच्या दोन मुलांचं काय झालं ते तो विसरला नव्हता, म्हणून त्याच्याजवळ राजाचं अभयपत्र होतं. जेवण झालं, बोलाचाली झाली, आणि राजानं स्वतःच्या हातानं त्याला सुरा मारला. मग दरबारी तुटून पडले. ज्या मुलानं रडत रडत पाहुण्यांसाठी प्राणदान मागितलं होतं, त्यानंच पुढे पाहुण्याचा प्राण घेतला. मुलं आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात, हे वर्गात चाळीस वर्षं पाहिलं आहे. राजवाड्यात तरी वेगळं काय असणार! आणि आणखी एक. १४४० मध्ये नुसत्या आमंत्रणावर भागलं. १४५२ मध्ये कागद लागला. आणि कागदही पुरला नाही.

आता दुसरी घटना. ही मला जास्त छळते.

आमच्या बी.ए.च्या पुस्तकात इंग्लंडच्या १६८८ च्या क्रांतीला ‘रक्तहीन राज्यक्रांती’ म्हटलेलं असे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न! दुसरा जेम्स (हा इंग्लंडचा दुसरा, स्कॉटलंडचा सातवा) पळून गेला, त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले, पार्लमेंट श्रेष्ठ ठरलं, रक्ताचा थेंब सांडला नाही. हे विशेषण लंडनपुरतं ठीक. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये रक्त भरपूर सांडलं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या अनेक कुळांनी जुन्या राजाची बाजू घेतली. जुलै १६८९ मध्ये किलिक्रॅन्कीची लढाई त्यांनी जिंकली, पण त्यात त्यांचा सेनापती डंडी पडला आणि बंडाचा जोर ओसरला.

या कुळांना इंग्रजीत ‘क्लॅन’ म्हणतात. आपल्या भावकीसारखाच प्रकार. एक प्रमुख, त्याच्या शब्दावर लढणारी माणसं, शेजारच्या भावकीशी पिढ्यान् पिढ्यांचं वैर आणि एकमेकांची गुरं पळवणं. ग्लेन्को नावाच्या अरुंद, उंच डोंगरांनी वेढलेल्या दरीत मॅकडोनाल्ड कुळाची एक लहान शाखा राहत असे. त्यांचा प्रमुख मॅकइयन, धिप्पाड आणि वयस्कर. ही माणसं काही संत नव्हती बरं का. बंडाहून परतताना त्यांनी ग्लेनलायनच्या रॉबर्ट कॅम्बेलची गुरंढोरं लुटून नेली होती. तो आधीच कर्जात बुडालेला, तो आणखी बुडाला. हे नाव लक्षात ठेवा.

ऑगस्ट १६९१ मध्ये विल्यम राजानं जाहीर केलं की १ जानेवारी १६९२ च्या आत जे प्रमुख निष्ठेची शपथ घेतील त्यांना माफी. पण या प्रमुखांनी जुन्या राजाला शब्द दिलेला होता. दिलेला शब्द मोडायचा तर ज्याला दिला त्यानं मोकळं केलं पाहिजे, म्हणून त्यांनी फ्रान्समध्ये जेम्सकडे विचारणा केली. जेम्सनं महिनोन् महिने घोळ घातला. त्याची परवानगी डोंगरात पोचली तेव्हा डिसेंबर संपत आला होता.

मॅकइयन फोर्ट विल्यमला कर्नल हिलकडे ऐन शेवटच्या घटकेला पोचला. हिल भला माणूस, पण तो म्हणाला, शपथ घेण्याचा अधिकार मला नाही. इनव्हररीला शेरीफकडे जा. त्यानं सोबत पत्र दिलं. बर्फ पडतंय, वाट डोंगराची, त्यात वाटेवर सैनिकांनी एक दिवस अडकवून ठेवलं. तिथं पोचावं तर शेरीफ नववर्षाच्या सुट्टीवर! शेवटी ६ जानेवारीला शपथ झाली. पाच दिवस उशीर. शेरीफनं कागद एडिंबरोला पाठवले. तिथल्या अधिकाऱ्यांनी मुदत टळली म्हणून मॅकइयनचं नाव खोडून टाकलं. त्याला मात्र कुणी कळवलं नाही. आपण सुरक्षित आहोत याच समजुतीत तो घरी परतलेला.

सरकारी कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातले आहेत त्यांना हा भाग समजावून सांगायला नको. या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि साहेब रजेवर. फरक एवढाच की इथं उशिराचा दंड अख्ख्या दरीला भरावा लागला.

कारण स्कॉटलंडचा कारभार पाहणारा मंत्री सर जॉन डॅलरिंपल याला एखादं उदाहरण घालून द्यायचंच होतं. लहान कूळ, दरीची तोंडं बंद करता येतील अशी, आणि चोर म्हणून बदनाम. १६ जानेवारीला राजानं हुकमावर सही केली, वरही आणि खालीही.

१ फेब्रुवारीच्या सुमारास अर्ल ऑफ अर्गाईलच्या पलटणीतले सुमारे १२० सैनिक ग्लेन्कोत आले. त्यांचा कप्तान रॉबर्ट कॅम्बेल, तोच ग्लेनलायनचा. आम्हाला राहायला जागा द्या, म्हणाला. त्याची भाची मॅकइयनच्या धाकट्या मुलाला दिलेली, म्हणजे नातंही होतं. शिवाय वैर असलं तरी हिवाळ्यात दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा डोंगराचा कायदा. घराघरांत तीन-तीन, पाच-पाच सैनिक उतरले. बारा दिवस राहिले. चुलीशी बसले, त्याच घरचं खाल्लं, पत्ते खेळले, गाणीगोष्टी झाल्या.

१२ तारखेला मेजर डंकनसनचा लेखी हुकूम आला: पहाटे पाच वाजता सुरू करा, सत्तर वर्षांखालच्या सर्वांना ठार करा, म्हातारा कोल्हा आणि त्याची पोरं निसटू देऊ नका. त्या संध्याकाळी ग्लेनलायन यजमानाच्या मुलांबरोबर पत्ते खेळत होता आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रणही त्यानं स्वीकारलं होतं.

१३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे मॅकइयन अंथरुणातून उठून कपडे चढवत असताना त्याला पाठीमागून गोळ्या घातल्या. त्याच्या बायकोच्या बोटांतल्या अंगठ्या दातांनी ओढून काढल्या. ती दुसऱ्या दिवशी गेली. अडतीसएक माणसं मारली गेली. घरं पेटवली, गुरं हाकून नेली. जे निसटले त्यांत बायका आणि मुलं होती आणि बाहेर बर्फाचं वादळ होतं. त्यातले कित्येक गारठून मेले. त्याच वादळानं काहींना वाचवलंही, कारण दरीची दुसरी वाट अडवायला निघालेले चारशे सैनिक वेळेवर पोचलेच नाहीत. मॅकइयनची दोन्ही मुलं सुटली.

त्या हुकमातल्या ‘सत्तर’ या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. म्हणजे हुकमाप्रमाणे मला सोडलं असतं. पण कशात सोडलं असतं? घर जळतंय, मुलगा-सून-नातू अंगणात पडलेत, गुडघाभर बर्फ, आणि सरकारी कागदावर मी जिवंत. ज्यानं तो आकडा घातला त्याला ती दया वाटली असेल का?

आता मुद्द्याकडे येते. मालिकेत या कत्तलीचा सूत्रधार टायविन लॅनिस्टर, हा मोठा मुत्सद्दी, आपल्या मुलाला एक हिशोब ऐकवतो. रणांगणात हजारोंना मारलं तर चालतं, मग जेवणाच्या टेबलावर डझनभर माणसं मारून युद्ध थांबवलं तर वाईट काय? हा प्रश्न मला नातवानंही विचारला. नुसतं “शी, वाईट!” म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. खरंच, किलिक्रॅन्कीला एका संध्याकाळी ग्लेन्कोपेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली. त्यांच्यासाठी आज कोण रडतं?

उत्तर स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातच आहे. तिथं १५८७ पासून एक वेगळा गुन्हा मानलेला होता: विश्वासात घेऊन केलेला खून. हा साध्या खुनापेक्षा वरचा, राजद्रोहाच्या तोलाचा. का बरं? मला वाटतं, मेलेल्यांच्या संख्येवरून हा गुन्हा मोजताच येत नाही. लढाईत शत्रू शत्रूसारखा येतो. तुम्ही तलवार उचलू शकता, पळू शकता, शरण जाऊ शकता. शरण जाण्याची सोय आहे म्हणून तर लढाई कधीतरी संपते. पण जेवायला बसलेल्याला मारलं की ती सोयच मरते. पुन्हा बोलणी करायला कोण येणार? कुणाच्या अभयपत्रावर कोण विसंबणार? टायविनच्या हिशोबात आजचे मेलेले धरले आहेत. उद्या तहाला कुणीच येणार नाही आणि लढाया संपणार नाहीत, ते मेलेले धरलेले नाहीत. मालिका पुढे हेच दाखवते. उत्तर शांत होत नाही, फ्रेंवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि खऱ्या इतिहासात १७१५ आणि १७४५ साली जुन्या राजघराण्यासाठी पुन्हा बंडं झाली, तेव्हा ग्लेन्कोची माणसं दोन्ही वेळा त्यांत होती. उदाहरण घालून दिलं खरं, धडा मात्र उलटा घेतला गेला.

आपण ‘खाल्ल्या मिठाला जागावं’ म्हणतो. यात जबाबदारी खाणाऱ्यावर आहे, हे पाहा. मार्टिन यांनी रक्तलग्नात एडिंबरोचं टेबल घेतलं: यजमानानं पाहुण्यांना मारलं. ग्लेन्कोत उलट झालं: पाहुण्यांनी यजमानांना मारलं. बारा दिवस मीठ खाऊन. आपली म्हण लागू पडते ती ग्लेन्कोला. आणि तिथल्या लोककथांत काही सैनिक मिठाला जागलेही आहेत. एक जण म्हणे यजमानासमोर दरीतल्या मोठ्या दगडाशी बोलला, की बाबा दगडा, मी तुझ्या जागी असतो तर आज रात्री इथं थांबलो नसतो. ऐकणाऱ्याला कळलं, तो वाचला. दोन अधिकाऱ्यांनी हुकूम मानायला नकार दिला असंही सांगतात. माणसाला चांगल्याची एखादी तरी गोष्ट जपून ठेवावीशी वाटते.

मालिका आणि इतिहास यांतला सर्वांत मोठा फरक शेवटात आहे. मालिकेत सूड मिळतो. रॉबची धाकटी बहीण आर्या आधी म्हाताऱ्या फ्रेचा गळा कापते आणि मग, २०१७ च्या सातव्या पर्वाच्या सुरुवातीला, त्याचा चेहरा चढवून त्याच्या सगळ्या पोरांना मेजवानीला बोलावते, विषारी दारू पाजते. नातवानं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “अरे, पण हेही पानावरच मारणं झालं की!” तो गप्प झाला. अन्नातला घात वाईट म्हणून आपण चार वर्षं हळहळलो, आणि आपल्या बाजूच्या मुलीनं तोच केला तेव्हा बरं वाटलं. एडिंबरोच्या त्या बालराजाचीच गोष्ट झाली ही.

ग्लेन्कोला असा सूड मिळाला नाही. मिळाला तो कागद. १६९२ च्या एप्रिलमध्येच तो हुकूम पॅरिसच्या गॅझेटमध्ये छापून आला. १६९५ मध्ये चौकशी आयोग बसला आणि स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं हा खून होता असं ठरवलं. राजाला निर्दोष म्हटलं, दोष डॅलरिंपलवर ठेवला. त्याचं मंत्रिपद गेलं, पण १७०३ मध्ये तो अर्ल झाला. ग्लेनलायन १६९६ मध्ये परदेशात, ब्रूजला, कफल्लक अवस्थेत मेला. फाशी कुणालाच झाली नाही. एवढंच. पण ‘खून’ हा शब्द सरकार दप्तरी नोंदला गेला, आणि तो हुकूम आजही एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ज्या कागदानं मारलं तोच साक्षीदार होऊन बसला.

दोष मात्र भलत्यांच्याच माथी राहिला. त्या पलटणीत कॅम्बेल आडनावाचे थोडेच होते आणि हुकूम लंडनहून आलेला. तरी ग्लेन्कोतल्या एका जुन्या खानावळीत कॅम्बेलांना प्रवेश नाही अशी पाटी आहे. थट्टेची आहे, पण आहे. दर १३ फेब्रुवारीला गावातल्या स्मारकापाशी लोक फुलं वाहतात.

आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या उत्खननात मॅकइयनच्या उन्हाळी घराच्या चुलीखाली एक लहानसं मडकं सापडलं. त्यात ३६ नाणी. सर्वांत नवी १६८० च्या दशकातली. कुणी, कोणत्या रात्री ठेवली असतील? परत येऊन काढू, असं म्हणूनच ठेवली असणार. ती कुणी काढली नाहीत, तीनशेहून जास्त वर्षं.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आजी, हे मालिकेत घ्यायला हवं होतं.” मी म्हटलं, मालिकेत मावलं नसतं रे. तिथं दार बंद होऊन संगीत वाजलं की आपल्याला कळतं, आता काहीतरी होणार. ग्लेन्कोत काहीच वाजलं नाही. फक्त पत्त्यांचा डाव संपला आणि पाहुणे म्हणाले, उद्या जेवायला येतो.